स्पितीच्या खोऱ्यात पहिल्यांदा जाताना: रस्ता, उंची आणि गावातला मुक्काम

हिमाचल प्रदेशात, तिबेटच्या सीमेला लागून, स्पिती नदीचं खोरं आहे. नदी कुंझुम खिंडीच्या बाजूला उगम पावते, आग्नेयेकडे वाहत येते आणि किन्नौरमध्ये खाबजवळ सतलजला मिळते. तिच्या काठांवर आणि काठांच्या वरच्या पठारांवर, साधारण ३,२०० ते ४,५०० मीटर उंचीवर, लहान लहान गावं आहेत. काही गावांत जेमतेम पंधरा-वीस घरं असतात. झाडं फक्त पाण्याच्या कडेला, तीही विलो आणि पॉप्लरची. बाकी सगळा डोंगर उघडा, करडा, तांबूस, कुठे जांभळट.

अलीकडे महाराष्ट्रातून स्पितीला जाणारे बरेच वाढले आहेत. बहुतेकांच्या हातात एकच यादी असते: की मठ, हिक्किमचं पोस्ट ऑफिस, कॉमिक गाव, चिचमचा पूल, चंद्रताल हे तळं. काझा या खोऱ्यातल्या मुख्य गावातल्या हॉटेलातून सकाळी गाडी निघते, चार ठिकाणी फोटो होतात आणि संध्याकाळी सगळे परत हॉटेलात. ही ठिकाणं बघण्यासारखी आहेतच, त्याबद्दल वाद नाही. पण या खोऱ्यात माणसं कशी राहतात, एवढ्या कोरड्या जागी शेती कशी होते, थंडीचे सहा महिने कसे काढले जातात, हे गावात मुक्काम केल्याशिवाय कळत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की ठिकाणं निम्मी करा आणि रात्री गावात काढा. पुढचं सगळं नियोजन त्याच हिशेबाने दिलं आहे.

आधी महिना ठरवा

स्पिती पर्जन्यछायेत येतं. मोसमी ढग दक्षिणेकडच्या उंच रांगांवरच रिकामे होतात, त्यामुळे खोऱ्यात पाऊस अगदी थोडा पडतो. पण तिथवर पोचण्याचा शिमला-किन्नौर रस्ता पावसाच्या टापूतून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये या रस्त्यावर दरडी कोसळतात, वाहतूक कधी काही तास तर कधी दोन दिवस ठप्प होते. 'स्पितीत पाऊस नसतो' हे ऐकून ऑगस्टमध्ये घट्ट बांधलेला कार्यक्रम घेऊन जाणारे रामपूरच्या पुढे अडकतात, ते यामुळेच.

जूनमध्ये शिखरांवर भरपूर बर्फ असतं आणि शेतं नुकती हिरवी होत असतात. जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टभर वाटाण्याची तोडणी चालते, गावं कामात बुडालेली असतात. सप्टेंबरमध्ये बार्ली पिकून पिवळी होते, आकाश स्वच्छ असतं, रस्ते त्यातल्या त्यात धड असतात आणि वाटेत किन्नौरच्या बागांमध्ये सफरचंदं लगडलेली दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे मिटून सप्टेंबर सुचवेन. ऑक्टोबरच्या मध्यानंतर रात्रीचं तापमान शून्याखाली जातं, नळ गोठू लागतात आणि बरेच होमस्टे बंद होतात. हिवाळ्यात हिमबिबट्या बघायला किब्बरला लोक जातात, पण ती पहिली सहल असू नये.

किन्नौरकडून चढा, मनालीकडून नको

स्पितीत शिरायला दोन वाटा आहेत. एक शिमला, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो अशी किन्नौरमधून, हळूहळू चढत जाणारी. ही बहुतेक वर्षभर चालू असते. दुसरी मनालीहून अटल बोगदा ओलांडून ग्राम्फू, बातल आणि ४,५५१ मीटर उंचीच्या कुंझुम खिंडीतून लोसरला उतरणारी. ही साधारण जून ते ऑक्टोबर एवढीच उघडी असते.

मनालीची वाट जवळची आहे, एका दिवसात काझा गाठता येतं आणि म्हणूनच ती नवख्यांसाठी वाईट आहे. मनाली २,००० मीटरच्या आसपास, काझा सुमारे ३,६५०. एका दिवसात एवढी उडी मारल्यावर पहिली रात्र डोकं धरून, उलट्या काढत जाते आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. किन्नौरकडून गेलं की दोन-तीन दिवस जास्त लागतात, पण शरीर वाटेतच सरावतं. परतताना मात्र कुंझुमवरून मनालीला उतरायला हरकत नाही.

मुंबई-पुण्याहून चंदीगडपर्यंत विमान किंवा रेल्वे, पुढे शिमला आणि रिकाँग पिओ. हिमाचल परिवहनच्या बस सगळीकडे जातात. रिकाँग पिओहून काझाची बस सकाळी लवकर सुटते आणि अख्खा दिवस घेते. तिकीट आदल्या संध्याकाळी स्टँडवर चौकशी करून ठरवा आणि जाताना खिडकी मिळाली तर उत्तमच. टॅक्सी सोयीची आहे, पण बसमध्ये शेजारी वाटाण्याचं बियाणं घेऊन चाललेला शेतकरी असतो, सुट्टीवर घरी निघालेला लहान लामा असतो, आणि पुढच्या मुक्कामाचा पत्ता बऱ्याचदा त्यांच्याकडूनच मिळतो. रात्रीचा प्रवास मात्र या रस्त्यावर करू नका. कड्यात कोरलेला रस्ता आणि खाली सतलज, हे दिवसाउजेडी बघण्यासारखं आहे आणि चालकासाठीही तेच सुरक्षित.

भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही. ओळखपत्र मात्र हाताशी ठेवा, सुमडोच्या नाक्यावर नोंद होते. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक सोबत असतील, अगदी ओसीआय कार्डवाले (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे) असले तरी, त्यांना इनर लाइन परमिट म्हणजे सीमाभागात जाण्याचा परवाना काढावा लागतो. तो रिकाँग पिओला मिळतो, त्यासाठी कामाचा एक दिवस हाताशी ठेवा. सीमा जवळ आहे, लष्करी तळांचे आणि पुलांचे फोटो काढू नका, ड्रोन घरीच ठेवा.

उंचीशी जुळवून घेणं

हा भाग वाचकांनी ओलांडून जाऊ नये. काझाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश उरतो. नियम सोपा आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. दिवसा जास्त उंचावर जाऊन संध्याकाळी खाली झोपायला आलं तर चालतं.

त्यानुसार मुक्काम असे लावा. पहिले दोन कल्पाला, २,९६० मीटरच्या आसपास, समोर किन्नर कैलास. मग ताबो, ३,२८० मीटर. नाको थोडं जास्त उंच आहे, ते वाटेत उतरून बघा, पण झोपायला ताबोला या. त्यानंतर पिन खोऱ्यात किंवा धनकरला, ३,८००-३,९०० मीटरवर. मग काझा, आणि सगळ्यात शेवटी लांगझा, डेमुल, किब्बर ही ४,२०० मीटरच्या वरची गावं. घरापासून घरापर्यंत बारा ते चौदा दिवस धरा. एवढी रजा नसेल तर वरच्या गावांपैकी एकच निवडा, चढण्याचा वेग वाढवू नका.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवातीची लक्षणं. अशा वेळी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. चालताना झोक जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. काझाला सरकारी रुग्णालय आहे आणि ऑक्सिजन मिळतो. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची असेल तर घरूनच डॉक्टरांना विचारून ठेवा, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गटात कुणीतरी कापराची पुरचुंडी आणतं. कापूर हुंगल्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. पुरचुंडी असू द्या, तिच्या भरवशावर वर चढत राहू नका. पाणी पीत राहा, पहिले दोन-तीन दिवस दारू टाळा आणि पोचल्या दिवशी सामान टाकून लगेच टेकडी चढायला धावू नका.

पिशवीत काय घ्यायचं

कपडे थरांचे: आत पातळ, वर लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. वारा दुपारनंतर सुटतो आणि बोचतो. कानटोपी, गॉगल, सनस्क्रीन, ओठांना लावायला काहीतरी. हवा इतकी कोरडी असते की नाकातून रक्त येतं, रात्री नाकपुडीला तुपाचं बोट लावलं तर बरं वाटतं. विजेरी हवीच, गावात वीज जाते आणि ताबोच्या मंदिरांतही ती लागते.

रोख पैसे चंदीगड किंवा शिमल्यालाच काढा. काझाला एटीएम आहे, पण त्यात रक्कम असेलच असं नाही. गावातल्या मावशींकडे पाचशेचे सुटे नसतात, म्हणून शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. मोबाइलसाठी बीएसएनएलचं कार्ड अजूनही उपयोगी पडतं, काझा-ताबोकडे इतर कंपन्याही पोचल्या आहेत. पिन खोऱ्याच्या आतल्या गावांत फोन लागेलच असं धरू नका, घरी तसं आधीच सांगून ठेवा. स्वतःची गाडी असेल तर काझाच्या पंपावर टाकी भरूनच पुढे निघा.

उपास करणाऱ्यांनी आपलं सामान नेलेलं बरं, साबुदाणा तिथे मिळायचा नाही. आणि यजमानांसाठी घरचं काहीतरी न्या. चिक्की, चकल्या, चिवडा, भाजलेली कॉफी, काहीही चालेल. रस्त्यात भेटणाऱ्या मुलांना मात्र चॉकलेटं आणि पैसे वाटू नका. काही गावांत मुलं गाडी दिसली की हात पसरतात, ती सवय आपण पाहुण्यांनीच लावली आहे.

वाटेत: नाको, ग्यू, ताबो

खाबच्या पुलापाशी दोन मिनिटं थांबा, स्पिती आणि सतलज यांचा संगम तिथे खाली दिसतो. पुढे रस्ता वळणं घेत नाकोला चढतो. तलावाभोवती जुनी दगडी घरं आहेत, त्यांच्या बोळांतून फिरा. त्यापुढचा मलिंग नाला दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे, चालक घाई करतील, करू द्या. ग्यूचा फाटा मुख्य रस्त्यापासून सुमारे आठ किलोमीटर आत जातो. बसलेल्या अवस्थेत टिकून राहिलेला एका भिक्षूचा देह तिथे आहे. वेळ असेल तर जा.

ताबोला मात्र घाई करू नका. हा मठ इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झाला. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याच्या काळात, भाषांतरकार रिंचेन झांगपो यांच्या परंपरेत. म्हणजे आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराच्याही थोडं आधी. बाहेरून बघितलं तर नुसती मातीची, पांढुरकी, बसकी बांधकामं दिसतात. नवखे लोक 'हेच का ते?' म्हणत परत फिरतात. मुख्य सभामंदिरात जा, डोळे अंधाराला सरावू द्या. भिंतींतून पुढे आलेल्या, माणसाच्या आकाराच्या मातीच्या मूर्ती हळूहळू दिसू लागतात, एका रांगेत, चारी बाजूंनी. त्यांच्या खाली हजार वर्षं जुनी चित्रं आहेत. त्यांतल्या चेहऱ्यांवर, कपड्यांवर काश्मीरच्या कारागिरांची छाप आहे. आत फोटो काढायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. विजेरी चित्रांवर रोखून धरू नका, जमिनीकडे धरली तरी पुरेसं दिसतं. १९७५ च्या भूकंपानंतर शेजारी नवं मंदिर बांधलं, सकाळची प्रार्थना तिथे चालते. पहाटे उठून जा आणि मागे शांत बसा.

मठांमध्ये आणि गावांत वागण्याचे नियम अवघड नाहीत. चोर्तेन म्हणजे स्तूप, मणी म्हणजे प्रार्थनेचा मंत्र लिहिलेल्या दगडांच्या भिंती आणि प्रार्थनाचक्रं यांना वळसा घालताना ती उजव्या हाताला ठेवायची, आपल्या देवळातल्या प्रदक्षिणेचीच दिशा. चपला बाहेर. मूर्तीकडे किंवा लामांकडे पाय पसरून बसायचं नाही. मणीचे कोरीव दगड घरी आणायचे नाहीत, ते कुणाच्या तरी प्रार्थनेचे आहेत.

पिन खोरं

ताबोहून काझाकडे जाताना अत्तरगोच्या पुलाशी पिन नदी स्पितीला मिळते. या दोन नद्यांच्या वर, भुसभुशीत सुळक्यांच्या टोकावर धनकर आहे, स्पितीची जुनी राजधानी. तिथला जुना मठ इतक्या धोकादायक जागी उभा आहे की २००६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने त्याचं नाव जगातल्या शंभर संकटग्रस्त वास्तूंमध्ये घातलं. आत एका वेळी थोडेच लोक सोडतात. गावाच्या वर तासाभराच्या चढावर तलाव आहे. उंचीची सवय होण्यासाठी ही चाल चांगली.

पुलावरून डावीकडे वळलं की पिनचं खोरं लागतं. स्पितीपेक्षा थोडं हिरवं, अरुंद, आणि पुष्कळ निवांत. इथले लोक तिबेटी बौद्धांच्या निंगमा पंथाचे, कुंग्री हा त्यांचा मठ. स्पितीचे चुमुर्ती घोडे या भागात वाढवले जातात. रस्ता शेवटी मूधला संपतो. गावासमोर हिरव्या-जांभळ्या छटांचा एक डोंगर आहे, संध्याकाळच्या उन्हात त्याचे रंग वेगळेच उमटतात. मूधला दोन रात्री राहा. पलीकडे पिन-पार्वती आणि पिन-भाबा या मोठ्या खिंडींच्या वाटा सुरू होतात. त्या वाटाड्याशिवाय चढायच्या नाहीत, पण पहिले दोन-तीन तास नदीकाठाने चालून परत येता येतं. वाटेत कुरणांवर याक दिसतात.

काझाहून मूधची बस दुपारनंतर निघते आणि सकाळी लवकर काझाकडे परत जाते. किब्बरच्या बसचंही तसंच. या बस गावकऱ्यांसाठी आहेत: सकाळी बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. पर्यटकाला हे उलटं वाटतं. पण बसने गेलं की गावात रात्र काढावीच लागते, आणि आपल्याला तेच तर हवं आहे.

गावात राहायचं कसं

होमस्टे शोधायला फार खटपट लागत नाही. गावात पोचून पहिल्या भेटलेल्या माणसाला 'जुले' म्हणा आणि विचारा. जुले म्हणजे नमस्कार, आभार, निरोप, सगळंच. हिंदी बहुतेकांना येते. काही गावांत पाहुणे कुणाकडे जाणार याची घराघरांत पाळी ठरलेली असते. तसं असेल तर 'त्यांचं घर जास्त छान दिसतं' म्हणून हट्ट धरू नका. दर राहण्या-जेवणासकट आधी विचारा, रोख द्या आणि घासाघीस करू नका. या घरात येणारा गॅस, तांदूळ, साखर सगळं याच रस्त्याने चढून आलेलं असतं.

घर मातीच्या विटांचं, सपाट धाब्याचं, चुना लावलेलं, खिडक्यांना काळी चौकट. धाब्याच्या कडेने सरपण आणि सुकं गवत रचलेलं असतं. ती थंडीची बेगमी आहे, त्यावर बसू नका, कपडेही वाळत टाकू नका.

घरातली खरी जागा म्हणजे स्वयंपाकघर. मधोमध लोखंडी चूल असते, तिला तंदूर म्हणतात. तिचा पत्र्याचा धुराडा छतातून बाहेर जातो. चुलीभोवती जाड गाद्या आणि बुटकी कोरीव टेबलं. भिंतीतल्या फडताळात तांब्या-पितळेची भांडी, घासूनपुसून ओळीने लावलेली. चुलीत गोवऱ्या आणि विलोच्या काटक्या जळतात, वर एका बाजूला पाण्याचं पातेलं कायम असतं. घरातलं वडीलधारं माणूस चुलीच्या जवळच्या मानाच्या जागी बसतं. तुम्हाला कुठे बसायचं ते सांगितलं जाईल, तिथे बसा. चुलीत कागद, प्लास्टिक, उष्टं काहीही टाकू नका, ती पवित्र मानतात. रात्री कुटुंब इथेच असतं, म्हणून जेवण खोलीत मागवू नका. कणीक मळायला किंवा वाटाणे सोलायला हात लावला तर गप्पा आपोआप सुरू होतात.

खायला थुकपा म्हणजे शेवयांचं सूप, तिमो म्हणजे वाफवलेले पाव, मोमो, डाळ-भात, रानभाज्या. एकदा तरी सत्तू म्हणजे भाजलेल्या बार्लीचं पीठ लोणी-मिठाच्या चहात कालवून खा. पहिल्या घोटाला हा चहा पातळ सूप वाटतो, थंडीत दुसऱ्या कपापासून आवडू लागतो. कप रिकामा दिसला की पुन्हा भरला जातो. नको असेल तेव्हा कपावर हात ठेवा, किंवा भरलेला तसाच ठेवून निघताना प्या. बार्लीची छांग आणि अरक ही दारूही घरी बनते. उंचीची सवय झाली असेल तरच, आणि थोडीच.

शौचालयाबद्दल मोकळेपणाने सांगायला हवं, कारण बरेच जण इथेच बिचकतात. जुन्या घरांत कोरडं शौचालय असतं: वरच्या खोलीत जमिनीत भोक, खाली बंद खोली. कोपऱ्यात माती आणि राख ठेवलेली असते. काम झालं की फावडंभर टाकायची. पाणी ओतायचं नाही, ते ओतलं की सगळी व्यवस्था बिघडते. वास जवळजवळ येत नाही, कारण हवा कोरडी आहे. वसंतात खालचं खत शेतात जातं. इथल्या हलक्या मातीत पीक उभं राहतं ते बरंचसं या खतावर. ओले रुमाल, पॅड, प्लास्टिक त्यात टाकलं तर ते थेट कुणाच्या तरी शेतात पोचतं. ते कागदी पिशवीत बांधून आपल्यासोबत खाली न्या. पाण्याच्या बाटल्यांचंही तेच. नळाचं किंवा उकळलेलं पाणी आपल्या बाटलीत भरून घ्या. आणि रोज बादलीभर गरम पाणी मागू नका, ते तापवायला लागणारं सरपण उन्हाळ्यात कष्टाने साठवलेलं असतं.

शेताकडे बघा

सकाळी चहा झाला की गावाच्या वरच्या अंगाला चढा. तिथे पाट दिसेल, इथे त्याला कूल म्हणतात. हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याचा हा पाट डोंगराच्या कडेने, कधी काही किलोमीटर, नुसत्या उतारावर आणलेला असतो. गावाच्या डोक्याशी एक छोटा तलाव, रात्रभर त्यात पाणी साठतं, सकाळी सोडतात. कुणी कधी, किती वेळ दारं धरायची हे ठरलेलं आहे. एक माणूस फावड्याने दोन ढेकळं बाजूला करतो, पाणी वळतं, वाफा भरतो, मग तीच ढेकळं पुन्हा जागेवर ठेवून तो पुढच्या वाफ्याकडे जातो. खानदेशातली फड पद्धत पाहिलेल्या माणसाला हे सगळं चटकन उमगेल. पाटाच्या काठावरून चालताना बांध पायाने ढासळू देऊ नका.

पाण्याचा हक्क मूळ घराण्यांकडे असतो, त्या घराला खांगछेन म्हणजे मोठं घर म्हणतात. जुनी रीत अशी की जमीन थोरल्या मुलाकडे जायची, धाकटे मठात जायचे. शेताचे तुकडे पडले तर थोड्या पाण्यावर कुणाचंच भागणार नाही, हे त्यामागचं कारण. आता धाकटे शिकायला चंदीगड-शिमल्याला जातात, टॅक्सी चालवतात, होमस्टे काढतात. संध्याकाळी चुलीशी बसून याविषयी विचारा, लोक मनापासून बोलतात.

पूर्वी मुख्य पीक बार्ली आणि काळा वाटाणा. गेल्या काही दशकांत हिरवा वाटाणा हे पैशाचं पीक झालं. मैदानात वाटाण्याचा हंगाम नसतो तेव्हा इथला निघतो, त्यामुळे भाव चांगला मिळतो. तोडणीच्या दिवसांत बायका ओळीने शेतात बसून शेंगा खुडतात, गोण्या रस्त्याकडेला रचल्या जातात आणि ट्रक रात्री निघतो. तेव्हा घरात तुमच्यासाठी कुणाला फुरसत नसेल. सरळ शेतात जा, विचारून शेंगा खुडायला बसा. एखाद्या वर्षी बर्फ कमी पडलं की पाटाला पाणी नसतं आणि वाटाणा जातो. गप्पांमध्ये ही काळजी वारंवार येते.

काझाच्या वरची गावं, चालत

लांगझा, हिक्किम, कॉमिक ही तीन गावं गाडीने अर्ध्या दिवसात होतात. त्याऐवजी लांगझाला रात्री राहा आणि दुसऱ्या दिवशी हिक्किमवरून कॉमिकला चालत जा. चढ फार नाही, पण उंचीमुळे पाय जड होतात, सकाळीच निघा. लांगझाच्या वर चाऊ चाऊ कांग निल्डा हे ६,३०३ मीटरचं शिखर आहे, गावाबाहेर बुद्धाची मोठी मूर्ती आहे. इथल्या शेल नावाच्या काळ्या, थरांच्या खडकात टेथिस या प्राचीन समुद्रातल्या अमोनाइटचे, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाच्या प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. आपल्या देवघरातल्या गंडकीच्या शाळिग्रामातही हेच प्राणी असतात. मुलं ते विकायला आणतील. घेऊ नका, उचलूही नका. बघा, हातात धरा, परत द्या. हिक्किमचं पोस्ट ऑफिस १९८३ पासून आहे. आजी-आजोबांना तिथून पोस्टकार्ड जरूर टाका, पत्ता मराठीत लिहिला तरी पिनकोड ठसठशीत घाला.

तब्येत आणि दिवस साथ देत असतील तर कॉमिकहून डेमुल, डेमुलहून ल्हालुंग, तिथून धनकर असा तीन दिवसांचा पायी प्रवास करता येतो, रोज रात्री गावातल्या घरात. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी याहून चांगला ट्रेक मला माहीत नाही. तंबू लागत नाही, गावाचा वाटाड्या मात्र घ्या. वाटा फुटतात आणि धुकं आलं की कळत नाहीत. कॉमिक ते डेमुल हा टप्पा लांब आहे, त्यात पाणी कमी, दोन लिटर सोबत असू द्या.

की मठ, किब्बर आणि चिचम एका बाजूला येतात. किब्बरला एक रात्र काढून सकाळी चिचमच्या पुलाकडे चालत जा. २०१७ मध्ये पूल होईपर्यंत या खोल दरीवरून माणसं आणि सामान तारेवरच्या पाळण्यातून जात असे. गाडी हवी असेल तर काझाच्या टॅक्सी युनियनचे दर ठरलेले असतात, फलकावर बघून घ्या आणि सहप्रवासी मिळाले तर वाटून घ्या.

परतीचा रस्ता

कुंझुमवरून मनालीला उतरणार असाल तर काझाहून पहाटे निघा. बातल ते ग्राम्फू हा रस्ता कमी आणि ओढ्याचं पात्र जास्त. दुपारी ऊन चढलं की वरची हिमनदी वितळते आणि नाल्यांना पाणी फुगतं, सकाळी सहज पार होणारा नाला चार वाजता गाडी अडवतो. चंद्रतालला जायचं असेल तर एक रात्र वाढवा. तळ्याच्या काठी तंबू लावायला परवानगी नाही, मुक्कामाच्या छावण्या अलीकडे आहेत. तिथे कडाक्याची थंडी असते आणि उंची ४,२०० मीटरच्या वर, म्हणून हा मुक्काम नेहमी सहलीच्या शेवटी ठेवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी काझाच्या बसस्टँडवर चालकांना रस्त्याची स्थिती विचारा, त्यांच्याइतकी ताजी माहिती कुणाकडे नसते. परतीच्या विमानाचं किंवा रेल्वेचं तिकीट अपेक्षित तारखेच्या दोन दिवस पुढचं काढा. रस्ता सुरळीत निघाला आणि ते दोन दिवस उरलेच, तर ते मनालीत घालवण्यापेक्षा आधीच एखाद्या गावात वाढवून घ्या: लांगझाला किंवा मूधला, जिथे तुमचं घरच्यांशी जमलं असेल तिथे.